अँटेनाचं तोंड कुणाकडं

माझं आयुष्य लोकांना "इथं उभं राहू नका" हे सांगण्यात चाललंय, आणि लोक नेमके तिथंच उभे राहतात. मोबाइलच्या अँटेना घरांच्या गच्च्यांवर, लॉजच्या माथ्यावर, जिथं जागा मिळेल तिथं बसवतात. बसवायच्या आधी जागा बघायची, माणसं कुठं वावरतात ते बघायचं, अँटेनाच्या पुढ्यात कुणी येणार नाही अशी सोय करायची, साखळी लावायची, पिवळी पाटी ठोकायची, हे माझं काम. आमच्या ठेकेदाराचं ऑफिस नांदेडात, आणि नांदेड-लातूर दोन्ही जिल्हे माझ्या गळ्यात. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, काहीतरी मोठं बांधीन. नशिबात निघालं काय, तर पाट्या ठोकणं.

बरं, त्या पाट्यांचं तरी लोक काय करतात? किनवटकडं एका बहाद्दरानं माझी पाटी उपसून खुराड्याला दार केलं. देवणीत घरमालकानं साखळी नेऊन तिला खोंड बांधला, आणि वर मलाच सांगतो, "साहेब, लई मजबूत माल देता राव तुम्ही." आता ह्याला काय बोलावं? मी आपली नवी साखळी लावली आणि गाडी पकडली.

लोकांना भीती नाही असं मात्र नाही हं. भीती इतकी, की विचारू नका. चिमण्या गेल्या, टॉवरमुळं. डोकं दुखतं, टॉवरमुळं. पोरगं बारावीला नापास झालं, तेही टॉवरमुळंच. पण सगळी भीती भलत्याच जागी. रस्त्यापलीकडच्या घरात बसून घाबरतात, आणि स्वतःच्या गच्चीवर अँटेनाच्या अगदी पुढ्यात कुरडया वाळत घालतात. का, तर साखळी आहे, कुणाचा पाय पडत नाही, जागा कशी चकचकीत! मी घसा कोरडा करून सांगतो, की बाबांनो, अँटेनाला तोंड असतं. तिच्या लाटा त्या तोंडातून पुढं जातात. अगदी तोंडापुढं, जवळ, बराच वेळ राहिलात तर अंग आतून तापू शकतं, म्हणून तेवढी जागा सोडा. मागं आणि लांब तसं काही नाही. चुलीत हात घातला तर भाजतो, गल्लीच्या टोकाला उभं राहून कुणी भाजतं का? लोक मान डोलावतात, चहा पाजतात, आणि मी जिना उतरलो की साखळी सोडतात.

हे सगळं मी कपाळावर हात मारून हसण्यावारी नेत होतो. आक्काच्या गच्चीवर गेलो त्या दिवसापासून हसू येत नाही.

आक्का माझी थोरली बहीण, लातूरला दिलेली. दाजी सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, गल्लीत दुमजली घर. त्यांच्या गच्चीवर अँटेना बसवायचं निघालं तेव्हा मी स्वतः जागा पाहायला गेलो होतो. म्हटलं, जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर चांगला उंच खांब टाकू, म्हणजे सगळं डोक्यावरून जाईल, खाली नाचा, झोपा, काय करायचं ते करा. दाजी कसले ऐकतात! "उंच नको. लांबून दिसतंय. गल्ली बोंबलंल. बुटका घाल, टाकीच्या आडोशाला झाकून जाईल." मी सांगत राहिलो, की दाजी, जितकी उंच तितकी बरी, हे उलटं आहे. तर म्हणाले, "तुझं शहाणपण नांदेडात ठेव, इथं मला ऱ्हायचंय." सासरवाडीच्या माणसाला जावयापुढं किती बोलता येतं? शेवटी कठड्याला चिकटून बुटके खांब घातले. तीन अँटेना, तिघींची तोंडं तीन बाजूंना, पण सगळी घराच्या बाहेर. कठड्यापलीकडं नुसती हवा, आणि हवेत कुणी चालत नाही, म्हणून ते नियमात बसलं. मी माझ्या हातानं साखळी लावली आणि पाटी ठोकली.

त्यातल्या एका अँटेनापुढं, गल्ली ओलांडून, आक्काची जुनी शेजारीण आपा, तिचं घर. आपाची माणसं त्या गल्लीत निजामाच्या काळापासून. मास्टरांचं, म्हणजे आपाच्या नवऱ्याचं, खाली शिलाईचं दुकान आणि वर घर. आक्का नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला रॉकेलचा स्टो पेटवायला आपानं शिकवला, असं आक्का अजून सांगते. आक्का कठड्याला आणि आपा खिडकीला, अशा दोघींच्या गप्पा चालतात. गल्लीतून जाणाऱ्याला फुकट ऐकू येतात.

गेल्या हिवाळ्यात आक्काच्या काळजाचे ठोके मधेच मंद पडायला लागले. मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी छातीत, कातडीखाली, पेसमेकर बसवला. आक्का त्याला डबी म्हणते. डॉक्टर म्हणाले, मोबाइल छातीशी धरू नका, मोठ्या लोहचुंबकाजवळ जाऊ नका, आणि घरावर अँटेना असेल तर तिच्या पुढ्यात अजिबात थांबू नका. बाहेर आल्यावर मी तेच परत सांगितलं, घरी सांगितलं, फोनवर सांगितलं. आक्का म्हणाली, "हाव रे बाबा, कळलं. किती डोकं खातूस!" मी निश्चिंत झालो. तोंडं बाहेर होती ना. आक्का काही कठड्याबाहेर जाऊन उभी राहणार नव्हती.

उन्हाळा लागला आणि आक्काचा फोन आला. "गच्चीवर झोपाया लागले तवापासून कधी कधी गरगरतंय बघ. डबी बिघडली का काय?"

मी म्हटलं उन्हानं असेल, पाणी पी. आणि फोन ठेवल्यावर मला स्वतःचंच पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच बस धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळीकडं बस थांबत थांबत चाललेली, आणि मी मनात डबीचा विचार करत राहिलो. लातूरला पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं, पण ते उन्हानं.

घरात चप्पल काढून सरळ जिना चढलो. गच्चीवर बाज टाकलेली. बाजेवर आक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली, ऊन उतरलेलं, वारा सुटलेला, सगळं कसं छान. आणि तिच्या उशीपासून हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर अँटेना. तोंड आत. बाजेकडं.

मला आधी खरंच वाटेना. ज्या अँटेनाचं तोंड आपाच्या घराकडं होतं, ती कुणीतरी पूर्ण उलटी फिरवली होती. माझ्या साखळीवर गोधडी वाळत होती. माझी पिवळी पाटी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली होती, वर दगड.

"आक्का, ऊठ! ऊठ आधी तिथनं!"

"आरं, काय झालं? भूत बघितल्यावानी काय करायलास?"

मी तिचा दंड धरून तिला अँटेनाच्या मागं, जिन्याकडं ओढत आणलं. शेंगा सांडल्या. मग बॅगेतून मोजायचं यंत्र काढलं आणि उशीपाशी धरलं. यंत्र ठणाणा करायला लागलं. साध्या माणसानंही जिथं थांबू नये इतकं तिथं होतं, आणि ही बाई छातीत डबी घेऊन तिथं रोज पाठ टेकत होती!

आवाज ऐकून दाजी वर आले. मी विचारलं, हे कुणी फिरवलं?

"मीच लावलं फिरवायला," दाजी म्हणाले. "गल्ली लई कटकट करायली होती. तोंड आमच्याकडं नको, आमच्याकडं नको."

मग माझं जे तोंड सुटलं! जावई वगैरे सगळं बाजूला राहिलं. म्हटलं, दाजी, गल्लीची कटकट नको म्हणून बायकोच्या उशाशी आणून ठेवलंत? सरकारनं तुम्हाला इतकी वर्षं पगार कशाचा दिला? तिकडं गल्लीपलीकडं काडीचा धोका नव्हता, इकडं आहे, एवढं साधं कळत नाही? निदान फोन करून विचारायचं होतं! मेहुणा हेच काम करतो, साऱ्या दुनियेला सांगत फिरतो, आणि घरात ही तऱ्हा!

एरवी दाजी म्हणजे एका शब्दाला दहा शब्द. त्या दिवशी गळ्यातला टॉवेल झटकत नुसते उभे. "बरं बाबा, चुकलं," एवढंच म्हणाले. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी इतका भडकलेलो, की माणूस उलटून बोलत नाही हेसुद्धा मला त्याचा निगरगट्टपणाच वाटला.

कंट्रोल रूमला फोन लावला. म्हटलं, ह्या घरावरच्या तिन्ही अँटेना आत्ताच्या आत्ता बंद करा. पलीकडचा म्हणतो, तक्रारी येतील सर, वरून परवानगी लागेल. म्हटलं, अँटेनापुढं पेसमेकरवाला पेशंट आहे, परवानगी घेत बसू नकोस. तो म्हणतो, मग पेशंटला बाजूला घ्या ना सर. अरे! त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बंद केल्या एकदाच्या. यंत्र गप्प झालं.

आणि गल्ली जागी झाली. सगळ्यात आधी आले समोरच्या अंगाचे एक पेन्शनर काका. ह्या काकांनीच टॉवर हटवा म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. खालून फोन हवेत नाचवत ओरडायला लागले, "आवो, रेंज गेली! नातीचा व्हिडिओ कॉल चालू होता!"

मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "काका, तुम्हीच म्हणत होता ना, टॉवर नको?"

"टॉवर नकोच हाय. पण रेंज पायजे की!"

अशा माणसाला देवही उत्तर देऊ शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीवर त्यांचं यंत्र ठेवून डबी तपासली. ते तपासत होते तेवढा वेळ मी भिंतीवरच्या पंख्याकडं बघत बसलो, दुसरीकडं कुठं बघायची छातीच नव्हती. मला ही एकच बहीण. आई गेल्यापासून मला दटावणारं माणूस म्हणजे तीच. डॉक्टर म्हणाले, डबी ठीक आहे, ठोके ठीक आहेत. गरगरणं अँटेनाचं की उन्हाचं, हे आता सांगता येणार नाही. पण तिथं परत झोपायचं नाही. मला इतकं हलकं वाटलं, की रिक्षात बसल्या बसल्या मी परत दाजींवर ओरडायला सुरुवात केली. दाजी बाहेर रस्त्याकडं बघत बसले.

दुपारी आमचा टेक्निशियन आला. लातूरच्या अँटेनांची देखभाल त्याच्याकडं. जिन्याच्या खोलीवर उंच खांब आता टाकायचाच होता, दाजींची हूं की चूं नाही. तो खांबाचे नट आवळत होता आणि मी खालून त्याला झापत होतो. म्हटलं, घरमालकानं सांगितलं म्हणून तू अँटेना उलटी फिरवलीस? माणसं कुठं झोपतात ते दिसलं नाही? डोळे नांदेडला ठेवून आला होतास?

"साहेब, मी न्हाई म्हणलो होतो," तो वरून म्हणाला. "आक्का म्हणल्या, फिरवल्याबिगर जिन्याची किल्ली मिळायची न्हाई. बाज उचलते म्हणल्या होत्या. वर धपाटे खाऊ घातले."

"तू गप रे, तुझं काम कर," दाजी त्याच्यावर खेकसले.

मी दाजींकडं बघितलं, मग आक्काकडं. आक्का टेक्निशियनसाठी पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यात उभी होती. तांब्या खाली ठेवला, पदरानं हात पुसले.

"त्यांला उगी बोलू नकोस कालपासून," ती म्हणाली. "मी लावलं फिरवायला. ह्यांला मीच म्हणलं, त्याला सांगू नका, न्हाई तर नांदेडाहून बोंबलत यील."

"पण का?"

"आपाची लेक बाळंतपणाला आली ना. पोरगा झाला. पाळणा तिकडच्या खिडकीला, वारा लागतो म्हणून. आन् ह्याचं तोंड बरुबर त्या खिडकीत. आपा एका शब्दानं बोलली न्हाई रे मला. पण खिडकीला जाड चादर लावायली रोज. ह्या उकाड्यात! लेकरू घामानं भिजून रडायलं, मला इकडं ऐकू यायचं. मला बघवंना. म्हणलं, फिरवा इकडं."

"इकडं म्हणजे कुणाकडं, आक्का? इकडं तू झोपतीस!"

"मग? माझ्या छातीत एक मशीन हायच की. त्याला हे मशीन आनखी काय करणार? लेकराची तर टाळू भरली न्हाई अजून."

मशीनला मशीन काय करणार! मी जिन्याच्या पायरीवरच बसलो. इतकी वर्षं मी लोकांना सांगतोय. शाळांमध्ये सांगितलं, ग्रामपंचायतीत सांगितलं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं गणित हे. मला तिचा राग आला, दाजींचा आला, त्या चादरीचाही आला. दाजी शेजारी येऊन बसले. काल केलेल्या भाषणाबद्दल मी माफीचं काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "जाऊ दे. तू लांबून आलतास."

संध्याकाळच्या आत अँटेना वर चढल्या, जिन्याच्या खोलीच्याही वर, उंच. तोंडं पुन्हा बाहेर. चालू करायला सांगितलं. गच्चीभर यंत्र घेऊन फिरलो, बाजेपाशी, टाकीपाशी, कठड्यापाशी. सगळीकडं ठीक. आक्काला म्हटलं, झोप आता निवांत.

"आता तोंड कुणाकडं हाय?" तिनं विचारलं.

"गल्लीकडंच, पण सगळ्यांच्या डोक्यावरून जातंय."

"मग तिकडं जाऊन बघ ते तुझं यंत्र घिऊन. पाळण्यापाशी. त्याबिगर मी गच्चीवर येत न्हाई."

म्हटलं, आक्का, गरज नाही. पण ती चपला घालून निघालीसुद्धा. गल्ली ओलांडून आम्ही आपाच्या घरी गेलो. मास्टर खाली मशिनवर होते, त्यांनी वर जा म्हणून हात केला. वरच्या खोलीत खिडकीला चादर परत टांगलेली, तोंडं पुन्हा बाहेर वळलेली दिसली म्हणून. त्यामागं भट्टी. आपाची लेक आत आडवी झालेली, आणि पाळण्याची दोरी आपाच्या हातात. आक्कानं तिला हळू आवाजात सगळं सांगितलं, अँटेना वर घातली हे, भाऊ मोजायला आलाय हे. मधे तिच्या डबीला धोका होता, हे मात्र सांगितलं नाही.

मी चादर बाजूला केली आणि पाळण्यापाशी यंत्र धरलं. काही नाही. आकडा मर्यादेच्या पासंगालाही पुरेना.

"ठीक आहे," मी म्हटलं. "काही नाही इथं. खिडकी उघडी टाका, आपा."

"अल्लाचं शुक्र," आपा म्हणाली, आणि स्वतःच उठून चादर काढली. वारा आत आला.

आक्का माझ्याकडं बघत होती. "आधी किती होतं रे? तोंड इकडं होतं तवा?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण माझं सगळं काम ह्याच एका गोष्टीचं. "आधीही असंच होतं. थोडं इकडंतिकडं. इतक्या लांब काही येतच नाही, आक्का. लेकराला कधीच धोका नव्हता. धोका फक्त तुझ्या उशाशी होता, आणि तो तू स्वतः आणून ठेवलास."

आपाच्या हातातली चादर तशीच राहिली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आक्काच्या छातीकडं, जिथं पदराखाली डबी आहे. तिला कळलं. तिनं आक्काचं मनगट घट्ट धरलं आणि धरूनच ठेवलं.

आक्का मात्र पाळण्यात वाकून बघत होती. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरलेला. "म्हंजे पयल्यापासून ठीकच होतं की लेकरू," ती म्हणाली. "मग काय पायजे आता!"

काय पाहिजे? मला तिथंच, त्याच क्षणी, घर डोक्यावर घ्यायचं होतं. तुझं काय, बाई? तुझा जीव कुठल्या हिशेबात धरायचा? मी पुरतं तोंड उघडलं, तर आक्कानं आणि आपानं एकदमच ओठांवर बोट ठेवलं.

लेकरू झोपलं होतं. मी यंत्र बॅगेत घातलं आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात गप्प उभा राहिलो.